टायगरचा डावा कान

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही घाटंजी तालुक्यातले. वावर गावापासून दीड किलोमीटर, जंगलाच्या अंगाला आहे. हरभऱ्यात रानडुकरं घुसतात म्हणून जागलीसाठी ऑक्टोबरात कुत्र्याचं पिलू आणलं. यवतमाळच्या एकानं जर्मन शेफर्ड म्हणून चार हजारांत दिलं. नाव टायगर. आणलं तेव्हा दोन महिन्यांचं होतं, दोन्ही कान पडलेले. मग नोव्हेंबरात कान उभे झाले, घरात सगळ्यांना आनंद झाला. आता साडेचार महिन्यांचं आहे अन् पंधरा दिवसांपासून डावा कान पुन्हा पडला. उजवा ताठ आहे. गावातले लोक म्हणतात का तुम्हाला फसवलं, हे गावठीच आहे. दीर म्हणतात, दोन्ही कान कापून टाका, कुत्रं तिखट होते. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून म्हशीच्या कॅल्शियमच्या बाटलीतलं औषध दोन झाकणं रोज दुधातून देतो, आठ दिवस झाले. माझा मुलगा सातवीत आहे. तो रोज सकाळी तेल लावून कान वर ओढून धरतो. फोटो त्यानंच काढले, दर महिन्याचा एक, असे तीन. एक इंजेक्शन झालं आहे, कोणतं ते आठवत नाही. मुलाचा एक प्रश्न आहे, कान पडला तर त्या बाजूनं त्याला कमी ऐकू येते का? काय करावं ते सांगा.
एक ताई, घाटंजी तालुका

ताई, नमस्कार.

दोन गोष्टी आजच करा, बाकीचं पत्र सावकाश वाचा. म्हशीची बाटली बंद करा, आज संध्याकाळचं दूधही त्याविना द्या. आणि दिरांना माझं नाव सांगून म्हणा की पिलाच्या कानाला कुणी ब्लेड लावायचं नाही. हे दोन्ही का, ते पुढं सांगतोच.

मुलानं पाठवलेले फोटो मी पुन्हापुन्हा पाहिले. फार कामाचे फोटो आहेत. पहिल्यात दोन्ही कान मधोमध दुमडून पुढं आले आहेत. दुसऱ्यात दोन्ही उभे आहेत, पण टोकं आत कलून कपाळावर एकमेकांना टेकायला आली आहेत, मांडवाच्या दोन बाजू जुळाव्यात तशी. तिसऱ्यात उजवा नीट ताठ आहे. डावा पडलेला दिसतो खरा, पण तो फोटो मोठा करून कानाच्या मुळाकडे बघा. मूळ उभंच आहे, फक्त वरचा अर्धा भाग बाहेरच्या बाजूला लवला आहे. मुळातच ढिला असलेला कान डोक्याला चिकटून लोंबतो, तुमच्या टायगरचा तसा नाही. जो कान एकदा उभा राहून गेला आणि ज्याचं मूळ अजून वर आहे, तो बहुतेक वेळा पुन्हा उभा होतो. तीस वर्षं ढोरांच्या दवाखान्यात काढली, त्यात गाई-बैलांच्या रांगेत कुणी ना कुणी असं एक कान वर, एक कान खाली असलेलं पिलू घेऊन आलेलंच असायचं. चेहरे तुमच्यासारखेच काळजीचे.

आता कान घडतो कसा ते सांगतो, म्हणजे गावातल्या बोलण्यानं मन डगमगणार नाही.

पिलू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात तसे कानही मिटलेले असतात. कानाची नळी साधारण दोन आठवड्यांनी उघडते, तोवर त्याला आवाज असा कळतच नाही. बाहेरची पाळी तेव्हा एवढीशी, डोक्याला चिकटलेली, दुमडलेली असते. लांडग्याच्या पिलाचीही तशीच असते. पाळीच्या आत हाड नसतं, कूर्चा असते. मटण खाताना दाताखाली जे कुरकुरीत लागतं, तीच जात, फक्त कानातली जास्त लवचीक. तुमचा स्वतःचा कान दुमडून सोडा, लगेच जागेवर येतो, तो याच कूर्चेमुळं. पिलाच्या कानात ती सुरुवातीला पातळ आणि मऊ असते. आंब्याला नवी पालवी फुटते तेव्हा तांबूस पानं कशी मलूल लोंबत असतात, झाड वाळतंय की काय असं नवख्याला वाटावं. काही दिवसांत तीच पानं हिरवी, जाड आणि ताठ होतात. पानाला कुणी काठी बांधत नाही. कानाचं तसंच आहे. कूर्चा जाड होत जाते, कानाच्या मुळाभोवतीचे स्नायू बळकट होतात, आणि उभ्या कानाच्या जातीचं पिलू असेल तर कान वर येतो.

पण तो एका रेषेत वर येत नाही, आणि इथंच लोक घाबरतात. साडेतीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत पिलाचं अंग सगळीकडून एकदम वाढतं. पाय लांबतात, डोकं रुंदावतं, कानाची पाळी मोठी आणि जड होते, आणि आतली कूर्चा कधी त्या वजनाच्या मागं पडते. आज ताठ असलेला कान पुढच्या आठवड्यात लवतो. दोन्ही कान एकाच वेळी वाढतील असंही नाही. याच काळात दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ दात येतात. दात आणि कान यांची वेळ एकच असल्यामुळं कुत्री पाळणाऱ्यांत समज पसरला आहे की दात कानातलं कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून कान पडतो, म्हणून कॅल्शियम पाजा. कूर्चेचा ताठपणा हाडासारखा कॅल्शियमवर उभा नसतो. वेळ जुळली एवढंच. मुलाला सांगा, टायगरचा ओठ हळूच वर करून बघ, पुढचे दात बदललेले दिसतील, सुळ्याशेजारी नवा सुळा डोकावत असेल. तसं दिसलं तर कान डगमगायचंच हे वय आहे.

जर्मन शेफर्डमध्ये काही पिलांचे कान दोन महिन्यांतच उभे होतात, बऱ्याच जणांचे चार-पाच महिन्यांपर्यंत, आणि काहींना सहा-सात महिने लागतात. आठ महिने उलटूनही कान खालीच असेल तर मग तो तसाच राहणार असं धरायचं. तुमचं पिलू ऑगस्टातलं, म्हणून निदान होळीपर्यंत कानाचा निकाल लावू नका.

गावठी की जर्मन शेफर्ड, हे मी फोटोवरून सांगणार नाही. पडलेल्या कानावरून तर कुणालाच सांगता येत नाही, कारण अस्सल जर्मन शेफर्डचाही कान या वयात पडतो आणि गावातल्या कित्येक कुत्र्यांचे कान ताठ उभे असतात. गावात एकाच वेतात एक पिलू उभ्या कानाचं आणि एक पडक्या कानाचं निघतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. कुत्रीच्या एका वेतातल्या पिलांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हेही त्याचं एक कारण. लॅब्रॅडॉर आणि बीगलचे कान जन्मभर लोंबतेच. आपल्याकडच्या शिकारी कारवानी कुत्र्याचेही पडलेलेच, आणि त्या जातीला कुणी हलकं म्हणत नाही. डॉबरमनचे टोकदार ताठ कान फोटोत दिसतात, ते कापून उभे केलेले असतात. त्याचा मूळचा कान लोंबता असतो.

पडक्या कानाला हलक्या रक्ताची खूण मानणं मला नेहमी खटकत आलं आहे. तुमच्याकडं टिपेश्वरचं अभयारण्य जवळ आहे. जंगलातला मोठा झालेला कोल्हा बघा, कोळसून म्हणजे रानकुत्रा बघा, त्यांचे कान उभेच. लोंबता कान माणसाजवळ राहणाऱ्या जनावरांत दिसतो, कुत्र्यात, शेळीत, डुकरात, सशात. हे डार्विननं १८५९ सालीच नोंदवून ठेवलं होतं. पुढं १९५९ मध्ये रशियात नोवोसिबिर्स्कला बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञानं कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीत फक्त माणसाला न घाबरणारी, सौम्य पिलं निवडून त्यांचीच पैदास करायची. कानाकडं कुणी बघतही नव्हतं. तरी काही पिढ्यांनंतर त्यांच्यातल्या काही पिलांचे कान बरेच दिवस पडलेले राहू लागले. अंगणात लोळणाऱ्या पिलाचा कान पडला म्हणून गावानं त्याची किंमत कमी करावी, याला काही आधार नाही.

आता बाटली. म्हशीला देतात ते औषध चारशे-पाचशे किलोच्या, दूध देणाऱ्या जनावराच्या हिशेबानं बनवलेलं असतं. टायगर तेरा-चौदा किलोचा असेल. त्यात भर म्हणजे मोठ्या जातीच्या पिलाला या वयात जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं अंगात शिरतं. वाढत्या हाडांची आणि सांध्यांची घडण त्यानं बिघडते, पाय वाकडे होतात, लंगडणं मागं लागतं. अशा बऱ्याच बाटल्यांत ड जीवनसत्त्वही असतं, तेही जास्त झालं की विषारी. कानासाठी पाजलेल्या औषधानं पाय गमावलेली पिलं मी पाहिली आहेत. आठ दिवसांत फार बिघडलं नसावं, पण दवाखान्यात जाल तेव्हा ती बाटली सोबत न्या आणि किती दिवस, किती दिलं ते डॉक्टरांना सांगा. शेजारच्या काकांना बोल लावू नका, त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं.

कान कापण्याबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. कान कापला की कुत्रं तिखट होतं, ही समजूत आपल्या भागात अजून आहे. माझ्याकडं अशी पिलं आणली गेली आहेत, कान चिघळलेला, माश्या बसलेल्या, एकाच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. ज्याच्या हातानं एवढं दुखवलं, त्या हाताला पिलू पुढं जन्मभर भितं. भ्यालेलं कुत्रं चावतं, त्यालाच लोक तिखट म्हणतात. घरात सातवीतलं लेकरू असताना तुम्हाला असं कुत्रं नको आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, जनावराचा अवयव असा तोडणं हा त्यात गुन्हा धरला आहे. शहराकडून आलेल्या काही मोकाट कुत्र्यांच्या कानाला लहानशी खाच दिसते, तिचा याच्याशी संबंध नाही. नसबंदी झाल्याची ती खूण, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल असतानाच केलेली.

कुणी चिकटपट्टीनं कान बांधायला सांगेल, तेही नको. नोकरीच्या सुरुवातीला एका मालकाच्या आग्रहापुढं मी नमलो आणि चार महिन्यांच्या पिलाच्या कानाला आधार देऊन पट्टी गुंडाळली. पावसाळ्याचे दिवस होते. तीन दिवसांनी घेऊन या म्हटलं होतं, ते बारा दिवसांनी आले. पट्टीखाली ओल धरून कातडी सोलवटली होती, केस गेले होते, वास येत होता. कान बरा व्हायला महिना लागला. त्या पिलाचं कण्हणं मला आजही आठवतं. त्यानंतर मी कधी पट्टीला हात लावला नाही.

मुलाला तेल लावण्याबद्दल रागावू नका. कान ओढून धरल्यानं मऊ कूर्चेवर ताण येतो, म्हणून ओढणं थांबवायचं, आणि तेल कानात गेलं की मळ साचून खाज सुटते, म्हणून तेलही थांबवायचं. पण रोज सकाळी पिलाजवळ बसायची त्याची सवय फार चांगली आहे. तिला दुसरं काम देऊ या. दर रविवारी उजेडात कान उलटून आत बघायचं. आतली कातडी फिकट गुलाबी, कोरडी, बिनवासाची असली की ठीक. काळपट तपकिरी भुकटीसारखा मळ, आंबूस वास, पिलू सारखं डोकं झटकतंय, मान एका बाजूला कलवून चालतंय, हात लावताच किंचाळतंय, यातलं काही दिसलं तर कान वाढीनं पडलेला नाही, दुखण्यानं पडला आहे. कानात बारीक कीड झाली असेल किंवा नळी सुजली असेल. डोकं झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि कान पुरीसारखा टम्म फुगतो, तेव्हा तर त्याच दिवशी दवाखाना. तसाच जिरू दिला तर कान आक्रसून कायमचा चुरगळतो.

गोचीडही बघा. गुरांच्या गोठ्याजवळ राहणाऱ्या पिलाच्या कानाच्या घडीत गोचीड हमखास सापडतो. तो चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढायचा. रॉकेल लावायचं नाही, आणि बैलांच्या अंगावर मारतो ते गोचिडाचं औषध पिलाला मुळीच लावायचं नाही, त्यानं पिलू दगावू शकतं. पिलासाठीचं औषध डॉक्टर वजन बघून देतील.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. नुसती भाकर-दूध पुरत नाही. उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, वरण-भात, जमलं तर पिलांचं तयार खाणं. घरातला रस्सा नको, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. शिजवलेल्या कोंबडीची हाडं टोकदार फुटतात, तीही नकोत. दात शिवशिवतात म्हणून तो चपला चावत असेल, त्याला जाड सुती दोराची गाठ किंवा गाजर द्या.

मला खरी काळजी कुठल्या ओळीची वाटली सांगू? एक इंजेक्शन झालं, कोणतं ते आठवत नाही. कानापेक्षा ही ओळ मोठी आहे, ताई. रेबीजची लस तीन महिने झाले की द्यायची असते. टायगर साडेचार महिन्यांचा आहे, दात बदलत असल्यामुळं हातांना चावे घेत खेळत असेल, तुमचं लेकरू दिवसभर त्याच्याजवळ आहे, आणि वावर जंगलाच्या अंगाला. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की त्यावर उपाय नाही, माणूस असो की जनावर. म्हणून सोमवारी पहिलं काम घाटंजीच्या ढोरांच्या दवाखान्यात जायचं. रेबीजची लस, पार्वो आणि डिस्टेंपर या पिलांच्या जीवघेण्या रोगांची लस, जंताचं औषध, तिन्हीबद्दल विचारा, आणि तारखा लिहिलेलं कार्ड करून घ्या. रेबीजची लस दर वर्षी द्यायची. तोवर पिलाचा दात किंवा नख लागून मुलाच्या हाताला ओरखडा आला, तर वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवून लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. हळद, चुना, तिखट काही भरू नका. कानात दुखण्याची लक्षणं दिसली आणि तालुक्याला जमलं नाही, तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

आणि जागलीची घाई करू नका. वर्षाच्या आतलं पिलू रात्री वावरात एकटं बांधून ठेवायचं नाही. रानडुकराच्या एका धडकेत त्याचं पोट फाटतं, आणि बिबट्याला तर बांधलेलं पिलू आयतंच. यंदाचा हरभरा यंदा जसा राखता तसाच राखा, टायगरला दिवसा सोबत न्या, वावराचा वास आणि तुमचा आवाज त्याच्या ओळखीचा होऊ द्या.

आता तुझा प्रश्न, बाळा. आवाज कानाच्या नळीतून आत जातो आणि टायगरची नळी पाळी लवल्यामुळं बंद झालेली नाही, म्हणून त्याला ऐकू येतं. उभ्या पाळीचा उपयोग आवाज गोळा करायला आणि तो नेमका कुठून आला ते ओळखायला होतो, त्यात डावीकडं किंचित फरक पडत असेल. तरी तुझ्या-माझ्यापेक्षा त्याचं ऐकणं कितीतरी पुढचं. माणसाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंतचा. तू स्वतःच करून बघ. टायगर जागा पण शांत बसलेला असताना त्याच्या मागं वीस पावलांवर उभा राहा, त्याला दिसू नकोस. एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून भाकरीच्या डब्याचं झाकण हळूच वाजव. कोणता कान आधी हलतो, मान कुठं वळते, ते वहीत तारखेसह लिही. आज एकदा, मग दर रविवारी कान तपासून झाल्यावर, होळीपर्यंत. तोवर दहा-बारा नोंदी होतील, त्या फोटोंसोबत मला पाठव.